पोहणं चालेल, सामने नकोत

एका धडधाकट मुलीला मी हृदयविकार जडवला होता. स्वतःच्या मुलीला. तोही नवऱ्याच्या लेटरहेडवर, निळ्या शाईनं, खाली त्यांची सही ठोकून. डॉक्टरांच्या सहीइतकी सोपी सही दुसरी नसते. एक उभी रेघ, एक वळण आणि शेवटी पेन घसरल्यासारखा फराटा. आज पंच्याऐंशीव्या वर्षीही ती मला जमते. परवाच टीव्हीच्या मासिकाच्या समासात करून पाहिली. हुबेहूब! आधी स्वतःचं कौतुक वाटलं आणि मग लाज. माझा क्रम नेहमी असाच असतो.

आठवण झाली ती ह्या उन्हाळ्यामुळे. लंडनच्या एजवेअरमधल्या आमच्या रस्त्यावर चार वर्षांनी एकदा असा फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा येतो. मोटारींच्या खिडक्यांना पांढऱ्यावर लाल क्रॉसचे, इंग्लंडचे छोटे झेंडे फडफडायला लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेडशेजारी झेंडे, दुधाशेजारी झेंडे. कापलेल्या गवताचा आणि बागेत भाजत ठेवलेल्या सॉसेजचा वास एकमेकांत मिसळतो, आणि गोल हुकला की उघड्या खिडक्यांतून वीस घरांचा एकच सुस्कारा ऐकू येतो. यंदा तर सामने अमेरिकेच्या अंगणात भरलेत. तोंडं रंगवलेली, घसा ताणून गाणारी अमेरिकन माणसं टीव्हीवर दिसतात, आणि समालोचक अचंब्यानं म्हणतो, बघा, ह्यांनाही आता फुटबॉलचं वेड लागलं! मी सोफ्यावरून त्याला सांगते, बाबा रे, तुला उशिरा कळलं. हे वेड मी माझ्याच बैठकीच्या खोलीत वीस वर्षांपूर्वी पाहिलंय. त्याला पोहे करून घातलेत.

ग्रेग माझा जावई. ओहायोचा. दोन हजार सहाच्या जूनमध्ये तो, माझी मेधा आणि अकरा वर्षांची तारा असे तिघे माझ्याकडे आले तेव्हा ह्या सहा फुटी माणसाच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता. जूनमध्ये! उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्याशा क्लबचा. शेजारच्या रॉननं कुंपणावरून विचारलं, "गेला आहेस का कधी त्या गावाला?" ग्रेग म्हणाला, "नो सर. पण सहा वर्षांत एकही मॅच चुकवलेली नाही." रॉननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जावयाऐवजी कुठला तरी प्राणी पाळलाय.

पण ग्रेगचं बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं. तो सांगायचा, लहानपणी आमच्या गावात सॉकर म्हणजे ज्याला बेसबॉल जमत नाही त्याचा खेळ. मग कॉलेजात कोणीतरी एक मॅच दाखवली आणि झालं. आधी तो एकटाच शनिवारी सकाळी उठून टीव्हीपुढे बसायचा, मेधा उशी डोक्यावर घेऊन झोपायची. आता गावातला एक बार खास त्यासाठी सकाळी सातला उघडतो, अंड्यांबरोबर बिअर देतो, आणि बाहेर रांग असते. "रांग, आयी! ब्रेकफास्टला!" मला तो 'आयी' म्हणतो. मी कधी सुधारलं नाही. एवढ्या प्रेमानं चुकीची हाक मारणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

आणि मेधा सांगायची मैदानांचं. शनिवारी सकाळी त्यांच्या गावात एकाला लागून एक अशी पाच मैदानं, आणि पाचही मुलींनी भरलेली. कडेला घडीच्या खुर्च्या, कापलेली संत्री, गाड्यांची रांग. "आई, अर्ध्या मदर्स इंडियन असतात. सगळ्यात लाउड त्याच ओरडतात." हे ऐकताना मी मेथी निवडत होते. देठ टाकायचे ते ठेवले आणि पानं टाकली.

तारा मिडफिल्डला खेळायची. तिच्या पायांच्या नळ्या डागांनी भरलेल्या, गुडघ्यावर जुन्या खपलीशेजारी नवी खपली. सकाळी माझ्या गुलाबांच्या वाफ्यांमधून ती चेंडू नेत असे, एकाही फांदीला धक्का न लावता, आणि ओरडायची, "आजी, तू बघतो का?" बघत होते ना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत होते. तीच चाल. खांदा डावीकडे झुकवून उजवीकडे निसटायचं. तिच्या आईची.

एकदा मी ग्रेगला घेऊन वेम्बलीला गेले. मला ईलिंग रोडवरून कोथिंबीर, सुरण आणि फराळासाठी राजगिरा आणायचा होता. त्याला नवं स्टेडियम बघायचं होतं. ते अजून बांधून व्हायचं होतं, पण ती मोठी पांढरी कमान दूरवरून दिसायची. साड्यांच्या दुकानासमोर, फुटपाथच्या मधोमध हा उभा, तोंड वर, हातात माझी सुरणाची पिशवी. बायका त्याला वळसा घालून जात होत्या. शेवटी म्हणाला, "आयी, तुमच्या बसरूटवर हे आहे, आणि तुम्ही इथे कोथिंबिरीसाठी येता?" मी म्हटलं, "अरे, देऊळ घराजवळ असलं की माणूस बाहेरूनच हात जोडतं." तो इतका हसला की मिठाईवाल्या काकांनी त्याला जिलबी दिली.

परत येताना बसमध्ये त्यानं मला खरी गोष्ट सांगितली. त्याच्या कंपनीच्या लंडनच्या ऑफिसात जागा होती. तीन वर्षं, पुढे वाढवता येईल अशी. त्याला यायचं होतं. ताराला तर फारच. "मेधा नको म्हणते," तो म्हणाला, "आणि कारण विचारलं की ती खोलीतून उठून जाते. तुम्ही बोलून बघाल?"

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तीन बेडरूम्स, एक चहाचा कप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या खोलीतल्या जुन्या सूटकेसा लॉफ्टच्या शिडीखाली नेऊन ठेवल्या, भिंतीवरचा ओलीचा डाग पुसला, लायब्ररीत जाऊन मुलींच्या शाळांची पत्रकं आणली आणि टेबलक्लॉथखाली लपवली. पासष्टीची बाई, आणि चोरून शाळा शोधतेय! माझ्या आयुष्यात मला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. लग्नसुद्धा नाही.

मग मी मेधाशी बोलले. ती टेबलाशी बसून ताराच्या सॉक्सची जोडी लावत होती. तारा तिथेच टोस्ट खात होती.

"आई, मी ताराला इथल्या शाळेत घालणार नाही."

"का गं? तू शिकलीसच ना इथे?"

"म्हणूनच."

तारानं विचारलं, "व्हाय, मॉम?" आणि मेधानं तिला सांगितलं. ती बारा वर्षांची असताना शाळेत पहिल्यांदा मुलींची फुटबॉल टीम झाली. तिचं नाव यादीत होतं. तिच्या उंचीची, तिच्या वेगाची दुसरी मुलगी नव्हती. आणि एका आठवड्यात नाव खोडलं गेलं. पीटीच्या बाईंनी कारण दिलं नाही. फक्त म्हणाल्या, "नॉट धिस इयर, डिअर." पुढच्या वर्षीही नाही. "टीममध्ये मी एकटीच ब्राऊन मुलगी होते, तारा. एकटीच." आणि मग माझ्याकडे बघून, "आईला माहितीय सगळं."

खरंच होतं. आईला सगळं माहीत होतं.

ती आई कोण होती, हे जरा सांगायला हवं. सदतीस वर्षांची, पुण्याहून येऊन आठ वर्षं झालेली, पण डोक्यातलं घड्याळ अजून पुण्याच्या वेळेवर. थंडीत साडीखाली नवऱ्याचे लोकरी मोजे, वर त्याचाच जुना कोट, आणि बसस्टॉपवरच्या इंग्रज बायका आपल्याकडे बघतात त्या आपल्या रूपामुळे अशी ठाम समजूत. घरात चार माणसांत बोलताना "आमच्यात असं नसतं" हे तिचं आवडतं वाक्य. आमच्यात म्हणजे कोणात, ते तिनं कधी सांगितलं नाही. स्वतः शाळेत खो-खोच्या संघात होती, पाठलागात तिला कोणी गाठू शकत नसे. हे मात्र तिनं सोयीनं विसरून टाकलं होतं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मेधानं स्वागतगीत म्हटलं. मी परकर-पोलकं शिवलं होतं, पण मुलगी उन्हाळाभर वाढली होती आणि परकर तोकडा झाला होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईंचं लक्ष तिच्या पायांकडे. "अहो वहिनी, मुलीला कोणी मारतं का शाळेत? केवढे डाग ते!" मी म्हटलं, फुटबॉल खेळते. बाई म्हणाल्या, "फुटबॉल? मुलगी?" आणि पुढे काही नाही. प्रसादाचे मोदक वाटायला उठल्या. तेवढ्या दोन शब्दांवर मी माझ्या मुलीचे पाय बांधले. बाईंचं नावसुद्धा आता आठवत नाही. त्यांना तर मीही आठवत नसेन.

मेधाला नाही म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. ती हट्टी, आणि डॉक्टर तिच्या बाजूचे. म्हणून मी हुशारी केली. डॉक्टरांच्या लेटरहेडवर शाळेला चिठ्ठी लिहिली की मुलीचं हृदय किंचित अशक्त आहे, हलका व्यायाम चालेल, सामन्यांचा ताण नको. आणि शेवटची ओळ, जिच्यावर मी तेव्हा फार खूश झाले होते: मुलगी भित्र्या स्वभावाची असल्यानं तिला ह्याविषयी काही सांगितलेलं नाही, कृपया आपणही सांगू नये. पीटीच्या बाईंचं, मिस प्रिचर्डचं, लगेच काळजीचं पत्र आलं. पोहण्याचा तास बंद करावा का? डॉक्टर ड्यूटीवर होते. पत्र मीच फोडलं आणि त्यांच्याच लेटरहेडवर उत्तर धाडलं: पोहणं चालेल, सामने नकोत. असा हृदयविकार वैद्यकशास्त्रात नाही. पण मिस प्रिचर्डनी डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या काळी आपल्या डॉक्टरांना मान होता हो इथे. तो मी असा वापरला.

इतपत मूर्खपणा कोणाच्याही हातून होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण चिठ्ठी ही निम्मीच गोष्ट. नाव खोडलं त्या दिवशी मेधा घरी आली, बूट न काढता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. रडत नव्हती. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "आई, माझ्या रंगामुळे असेल का?"

त्या काळात रस्त्यावर काय काय ऐकावं लागायचं ते ज्यांनी ऐकलं त्यांना ठाऊक आहे. ते खोटं नव्हतं. म्हणूनच तर माझं खोटं इतक्या सहज त्यात मिसळलं. मी कणीक मळता मळता म्हणाले, "असेल. ह्या लोकांचं काय सांगावं!"

बस. चार-पाच शब्द. कणकेवर झाकण ठेवलं आणि हात धुतले. मेधानं पुन्हा त्या खेळाचं नाव काढलं नाही. अभ्यासात डोकं घातलं, पहिली येत गेली, आणि बाविसाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला निघाली तेव्हा विमानतळावर म्हणाली, "निदान तिकडे मला कोणी लिस्टमधून खोडणार नाही." लोक म्हणाले, मुलगी किती धीट. मीही म्हणाले.

तर टेबलाशी बसून तारा ते सगळं ऐकत होती. टोस्ट तसाच हातात. म्हणाली, "दॅट टीचर वॉज अ रेसिस्ट." आणि मी, जिला मुलगी, जावई, नात सगळे ह्याच घरात हवे होते, जिच्या टेबलक्लॉथखाली शाळांची पत्रकं होती, त्या मी काय केलं? विचारलं, "अजून एक टोस्ट देऊ?" एका वाक्यानं मेधाचा ह्या देशावरचा राग मी पुसू शकत होते. पण पुसलेला राग कुठेतरी जाणार होता, आणि जाऊन बसणार होता माझ्यावर. मी रोज ठरवायचे, आज सांगेन. रोज काहीतरी तळायला घ्यायचे. दहा दिवसांत त्या अमेरिकनांचं वजन वाढलं.

मग तो शनिवार आला. पार्कात मुलींची छोटी स्पर्धा होती. रॉनच्या नातीच्या टीममध्ये एक मुलगी आजारी पडली आणि रॉन स्वतः कुंपणाशी येऊन, टोपी हातात घेऊन म्हणाला की तुमच्या अमेरिकन मुलीला वेळ आहे का. ग्रेगचा मफलर अभिमानानं एक इंच लांब झाला असेल. ऊन कडक होतं. तारानं दोन गोल केले. रॉन, जो इतके दिवस म्हणत होता की ह्या अमेरिकनांना खेळातलं काय कळतं, तो शेवटी टोपी उडवून नाचत होता, आणि ग्रेगच्या पाठीवर थापा मारत म्हणत होता, "कुठे शिकवलं हिला?" ग्रेग म्हणाला, "ओहायो, सर!" जणू ते काशीचं नाव होतं.

मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन सरबताच्या टेबलाकडे गेले. टेबलामागे पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची बाई कागदी पेल्यांत ऑरेंज स्क्वॉश ओतत होती. मी ओळखलं. मागून मेधा आली. तिनंही ओळखलं.

"मेधा!" मिस प्रिचर्ड म्हणाल्या. नाव अगदी बरोबर उच्चारून. "ती तुझी मुलगी ना? मला वाटलंच. तो खांदा बघितला आणि मला वाटलंच."

मेधा थंड आवाजात म्हणाली, "तुम्हाला मी आठवते, ह्याचं आश्चर्य वाटतं."

"आठवते? माय डिअर गर्ल, तुझ्यासारखा डावा पाय मला पुन्हा मिळाला नाही. यादीतून तुझं नाव खोडलं त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते." त्यांनी स्क्वॉशचा जग खाली ठेवला आणि मेधाचा हात हातात घेतला. "अँड युअर हार्ट, डिअर? डिड इट एव्हर गेट बेटर?"

"माझं हार्ट?"

मिस प्रिचर्डनी माझ्याकडे पाहिलं. चांगल्या माणसांना कोणाचं गुपित फोडलं की लगेच कळतं. त्यांचा चेहरा पडला. "ओह," त्या म्हणाल्या, "ओह, तिला अजून सांगितलं नव्हतं?" आणि त्या अजूनही मलाच सांभाळून घेत होत्या! त्यांना वाटलं, मुलीला घाबरवायचं नाही म्हणून आईनं इतकी वर्षं दुखणं लपवलं. त्या बाईनं अठ्ठावीस वर्षं माझं खोटं माझ्या मुलीच्या भल्यासाठी जपलं होतं, आणि आमच्या घरात तिला रेसिस्ट म्हणत होते.

मेधानं माझ्या हातातून पुऱ्यांचा डबा घेतला, टेबलावर ठेवला, झाकण नीट लावलं. गाडीत ताराच बोलत होती, दोन्ही गोल पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर मेधानं एकच विचारलं.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"थँक गॉड," ती म्हणाली, आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती फुलं घेऊन एकटीच मिस प्रिचर्डच्या घरी गेली. दोन तास बसली. काय बोलली, ते मला सांगितलं नाही. मीही जायला हवं होतं. जाणार होतेच. आधी पाऊस होता, मग गुडघा दुखत होता, मग मंडळाच्या फराळाचं काम. काही वर्षांनी रॉननं कुंपणावरून सांगितलं की त्या गेल्या. मी 'अरेरे' म्हटलं. मला 'अरेरे' फार छान म्हणता येतं.

ते तिघे इथे राहायला आले नाहीत. ग्रेग आता दुखऱ्या जागी हात लावल्यासारखा हळूच विचारतो, "आयी, सगळं ठीक?" आणि दर सामन्याआधी मला फोन करतो, कारण त्याच्या मते मी शुभ आहे. तारा तिकडे मुलींना शिकवते. फोटो येतात. तीस-तीस मुली, गुडघ्यांवर खपल्या, त्यांत आपल्या कितीतरी. मेधाचा दर रविवारी फोन. औषधं घेतलीस का, बॉयलर तपासून घेतलास का. कधी चुकत नाही, कधी आवाज चढत नाही. रागावली असती तर मी रडले तरी असते. जिन्यावर बसून विचारणारी ती मुलगी मला पुन्हा कधी भेटली नाही. माझ्याशी बोलते ती एक सभ्य अमेरिकन बाई.

रागावली नाही, असं मी म्हटलं. एकदाच बोलली, जायच्या सकाळी. ग्रेग गाडीत सामान लावत होता, तारा कुंपणावरून रॉनच्या नातीला पत्ता देत होती. मेधा स्वयंपाकघरात आली. मी टेबलक्लॉथ झटकायला उचलला होता आणि शाळांची पत्रकं खाली पडली होती. तिनं ती उचलली, एकेक वाचली, एकावर एक रचून माझ्या हातात दिली, आणि म्हणाली,

"आई, तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी तुझ्यावर रागावले असते. खूप. एक वर्ष, दोन वर्षं. मग तूच काहीतरी गोड केलं असतंस आणि मी खाल्लं असतं. मी कुठे गेलेच नसते गं."